कोलोनोस्कोपीपूर्वी मोठे आतडे सुरक्षितपणे स्वच्छ करण्याची तयारी

कोलोनोस्कोपीत डॉक्टर गुदद्वारातून एक लवचीक नळी हळूहळू आत सरकवतात आणि तिच्या टोकाशी बसवलेल्या कॅमेऱ्यातून मोठ्या आतड्याचे अस्तर पाहतात. त्या अस्तरावर मळाचा थर राहिला असेल, तर कॅमेरा कितीही चांगला असला आणि डॉक्टर कितीही अनुभवी असले, तरी थराखालचे काही दिसत नाही. कर्करोगात रूपांतर होऊ शकणारे काही पॉलिप (अस्तरावर उगवणाऱ्या लहान गाठी) चपटे असतात आणि त्यांच्यावर चिकट स्रावाचे आवरण असते, त्यामुळे ते अर्धवट स्वच्छ आतड्यात सहज नजरेतून सुटतात. साधारण चार-पाच तपासण्यांमागे एकीत आतडे पुरेसे स्वच्छ नसते, असे निरनिराळ्या अभ्यासांत दिसून आले आहे. अशा वेळी तपासणी पुन्हा करावी लागते, म्हणजे सगळी यातायात दुसऱ्यांदा आली. मात्र आतडे धुऊन काढणारे औषध शरीरातले पाणी आणि क्षारही ओढून नेते. म्हणून तयारी करताना स्वच्छता आणि सुरक्षितता या दोन्ही गोष्टी बरोबरीने सांभाळायच्या असतात, आणि मूत्रपिंडाचे, हृदयाचे किंवा मधुमेहाचे रुग्ण असतील तर सुरक्षिततेचा विचार आधी करावा लागतो.

या तयारीची सुरुवात औषधाच्या पुडीने होत नाही. ती तपासणीच्या निदान आठवडाभर आधी, डॉक्टरांशी होणाऱ्या सविस्तर बोलण्याने होते, आणि माझ्या मते संपूर्ण यादीतले सर्वांत महत्त्वाचे काम हेच आहे. आपल्याला मूत्रपिंडाचा, हृदयाचा किंवा यकृताचा विकार आहे का, मधुमेह किंवा फिट्सचा त्रास आहे का, पोटावर पूर्वी शस्त्रक्रिया झाली आहे का, गिळताना ठसका लागतो का, छातीत पेसमेकर बसवला आहे का, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का, गर्भधारणेची शक्यता आहे का, हे सर्व न विचारताही सांगावे. जुनाट बद्धकोष्ठता असेल, मागच्या वेळी आतडे नीट स्वच्छ झाले नसेल, पार्किन्सन किंवा अर्धांगवायू असेल, किंवा मॉर्फीनच्या जातीची वेदनाशामके चालू असतील, तर नेहमीची तयारी अपुरी पडण्याचा संभव असतो आणि डॉक्टर ती वाढवून देतात. हे अगोदर कळले तरच वाढवता येते. पोट फुगले आहे, वायू सरत नाही आणि उलट्या होत आहेत, अशा स्थितीत आतड्यात अडथळा असू शकतो; तेव्हा रेचक घेणे धोक्याचे असल्याने डॉक्टरांना दाखवल्याशिवाय एक घोटही घेऊ नये.

त्याच भेटीत आपण घेत असलेल्या सर्व औषधांची लेखी यादी समोर ठेवावी, आणि तिच्यात डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेतलेल्या गोळ्या, जीवनसत्त्वे व काढेही असावेत. लोहाच्या गोळ्यांमुळे मळ काळा आणि चिकट होतो, म्हणून त्या साधारण पाच ते सात दिवस आधी थांबवायला सांगतात. रक्त पातळ करणाऱ्या औषधांबाबत मात्र स्वतःच्या मनाने काहीही करू नये. वॉरफरिनसारखे औषध चालू ठेवले आणि पॉलिप काढावा लागला तर रक्तस्राव होऊ शकतो. तेच औषध न विचारता बंद केले तर रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. कोणते औषध किती दिवस थांबवायचे, हे ते औषध कशासाठी चालू आहे यावर अवलंबून असते, आणि हृदयात स्टेंट किंवा कृत्रिम झडप असेल तर हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच व्हावा. कमी मात्रेतली ॲस्पिरिन बहुतेक वेळा चालू ठेवतात, तरीही ते विचारूनच नक्की करावे.

मधुमेहाच्या औषधांकडे विशेष लक्ष द्यावे लागते, कारण खाणे बंद आणि औषध नेहमीसारखे चालू, अशा अवस्थेत रक्तातली साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. इन्शुलिनची मात्रा आणि गोळ्यांचे वेळापत्रक आदल्या दिवसासाठी व तपासणीच्या दिवसासाठी वेगवेगळे लिहून घ्यावे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या गोळ्या सहसा तीन दिवस आधी थांबवायला सांगतात, कारण उपवासाच्या काळात त्यांच्यामुळे, साखर फारशी वाढलेली नसतानाही, रक्तात आम्लता वाढण्याचा गंभीर प्रकार घडू शकतो. सेमाग्लुटाइडसारखी आठवड्याची इंजेक्शने घेणाऱ्यांचे जठर उशिरा रिकामे होते, म्हणून भूलतज्ज्ञांना त्याची कल्पना आधीपासून असली पाहिजे. रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवी वाढवणारी औषधे आणि आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके शरीरातले पाणी कमी झालेले असताना मूत्रपिंडावर ताण आणतात. त्यांबद्दलही स्पष्ट सूचना मागाव्यात. फिट्सच्या गोळ्या किंवा गर्भनिरोधक गोळ्या आतडे धुणाऱ्या औषधाच्या तासाभर आधी किंवा ते पिता पिता घेतल्या, तर त्या शोषल्या जाण्यापूर्वीच वाहून जाऊ शकतात, हे फारसे कोणी सांगत नाही.

यानंतर औषध कोणते हा प्रश्न येतो. पॉलिएथिलीन ग्लायकॉल आणि क्षार यांचे मिश्रण दोन ते चार लिटर पाण्यातून प्यावे लागते. ते आतड्यात शोषले जात नाही आणि रक्तातल्या क्षारांचे प्रमाण त्याने फारसे ढळत नाही, म्हणून मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असलेल्यांसाठी सहसा हाच पर्याय निवडतात. दोन लिटरच्या काही मिश्रणांत ॲस्कॉर्बिक आम्ल असते, आणि ते जी-६-पीडी या रक्तपेशींतील विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्यांना चालत नाही. सोडियम पिकोसल्फेट आणि मॅग्नेशियम यांचे औषध प्रमाणाने थोडे आणि चवीला बरे असते, परंतु मूत्रपिंडे बरीच निकामी झालेल्या रुग्णाच्या शरीरात त्यातले मॅग्नेशियम साचू शकते. तोंडाने घ्यायच्या सोडियम फॉस्फेटमुळे काही रुग्णांच्या मूत्रपिंडांना कायमची इजा झाल्याचे आढळल्यानंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2008 मध्ये त्यावर सर्वोच्च दर्जाचा इशारा छापण्याचे बंधन घातले. म्हणून ओळखीतल्या कोणाचे उरलेले पाकीट वापरू नये, आणि लिहून दिलेले औषध मिळाले नाही म्हणून दुकानातून परस्पर दुसरे घेऊ नये. गिळण्याच्या त्रासामुळे द्रवपदार्थ स्टार्चची पूड घालून घट्ट करून पिणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे, की पॉलिएथिलीन ग्लायकॉलमुळे तो घट्टपणा नाहीसा होतो आणि द्रव श्वासमार्गात जाण्याचा धोका वाढतो.

आहाराचा भाग तुलनेने सोपा आहे. तपासणीच्या आदल्या दिवशी, आणि डॉक्टरांनी सांगितले असेल तर दोन-तीन दिवस आधीपासून, चोथा कमी असलेले अन्न घ्यावे. बिया, साली, सुकामेवा, कोंडा असलेले धान्य, कडधान्ये, कच्च्या भाज्या आणि मक्याचे दाणे टाळावेत. बिया तर नळीच्या शोषण-मार्गात अडकून तपासणीत प्रत्यक्ष व्यत्यय आणतात. पांढरा भात, पांढरा पाव, अंडी, मासे, साल काढून शिजवलेला बटाटा असे पदार्थ सहसा चालतात.

पहिला डोस सुरू झाला की फक्त पारदर्शक द्रव घ्यावेत, म्हणजे ज्यांच्या पेल्यातून पलीकडचे दिसते असे द्रव. पाणी, गाळलेले सूप, गर नसलेला सफरचंदाचा रस, दूध न घातलेला चहा किंवा कॉफी आणि क्षार-साखरेचे पेय यांचा त्यात समावेश होतो. लाल व जांभळ्या रंगाची पेये वर्ज्य करावीत, कारण आतड्यात त्यांचा रंग रक्तासारखा भासतो. या काळात द्रव भरपूर घ्यायचे, पण केवळ साधे पाणी ढोसू नये. जुलाबातून सोडियम बाहेर जात असताना पोटात नुसतेच पाणी पडत राहिले, तर रक्तातले सोडियम उतरते, आणि त्यातून डोकेदुखी, गोंधळलेपण व प्रसंगी फिटही येऊ शकते. वयस्कर स्त्रियांना आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका अधिक असतो. पाणी, सूप आणि क्षारयुक्त पेय आलटून पालटून घेतल्याने तो बराच टळतो. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून प्यावे लागते, त्यांनी आपली मर्यादा डॉक्टरांकडून आकड्यात लिहून घ्यावी.

आता ज्या सूचनेबाबत सर्वाधिक चालढकल होते तिच्याकडे वळतो. औषध दोन भागांत घ्यायचे असते. पहिला भाग आदल्या संध्याकाळी, आणि दुसरा भाग तपासणीच्या वेळेपूर्वी चार ते सहा तास सुरू करून निदान दोन तास आधी संपवायचा. तपासणी सकाळी दहा वाजता असेल तर पहाटे पाचच्या सुमारास उठून पिणे ओघाने आलेच, आणि नेमके तेच नकोसे वाटून पुष्कळ जण सगळे औषध रात्रीच संपवून टाकतात. त्यात नुकसान होते ते आतड्याच्या उजव्या भागाचे. रात्रभर लहान आतड्यातून पित्तमिश्रित चिकट द्रव खाली उतरत राहतो आणि मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या, म्हणजे उजव्या भागात त्याचा थर बसतो. रात्री आठ वाजता स्वच्छ असलेला भाग सकाळी दहा वाजता स्वच्छ असेलच असे नाही. चपटे, नजरेतून निसटणारे पॉलिप याच भागात अधिक आढळतात. झोप मोडते, ही तक्रार खरी आहे. तरीही पहाटेचा डोस चुकवू नये, असे मी आग्रहाने सांगेन. दोन भागांत घेतलेले औषध पोटालाही सोसते, कारण एकाच बैठकीत सगळे प्यावे लागत नाही आणि मळमळ कमी होते. शेवटच्या दोन तासांत मात्र काहीही पिऊ नये, कारण गुंगीचे औषध दिल्यावर जठरातला द्रव फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. भूलतज्ज्ञांनी याहून जास्त वेळ सांगितला असेल तर तोच पाळावा.

औषध पिताना ते थंडगार करून, स्ट्रॉने किंवा लहान पेल्यातून, दर दहा-पंधरा मिनिटांनी साधारण एक पेला या गतीने घ्यावे आणि मधल्या वेळात खोलीत फिरत राहावे. चव सुधारण्यासाठी त्यात साखर किंवा दुसरे काही आपल्या मनाने मिसळू नये. उलटी झाली तर अर्धा तास थांबून सावकाश पुन्हा सुरुवात करावी. ती थांबतच नसेल तर रुग्णालयाला फोन करावा. हा फोनचा क्रमांक, रात्री-अपरात्री लागणारा, आदल्या दिवशीच लिहून ठेवलेला असावा. पहिला जुलाब तासाभरात होतो किंवा त्याला तीन-चार तासही लागतात, त्यामुळे लगेच घाबरण्याचे कारण नाही. परंतु औषध पोटात जात आहे, पोट फुगून ताठ होत आहे, दुखणे वाढत आहे आणि शौचाला मात्र होत नाही, असे झाले तर पिणे तत्काळ थांबवून वैद्यकीय मदत घ्यावी. भोवळ येऊन पडणे, छातीत धडधडणे, बोलण्यात असंबद्धता येणे, लघवी जवळजवळ बंद होणे, उलटीतून किंवा शौचावाटे बरेच रक्त जाणे यांपैकी काहीही घडले तर सकाळची वाट पाहू नये.

साठी-सत्तरीपुढच्या व्यक्तीने ही रात्र एकट्याने काढू नये. रात्रीतून अनेकदा घाईने उठावे लागते, रक्तदाब उतरलेला असतो आणि अंधारात तोल जातो. म्हणून शौचालयापर्यंतचा दिवा चालू ठेवावा, वाटेतल्या वस्तू हलवाव्यात आणि बसल्या जागेवरून सावकाश उठावे. मऊ कागद आणि पेट्रोलियम जेली जवळ ठेवली, तर वारंवार धुण्याने होणारी आग कमी होते.

तयारी पुरी झाली की नाही, हे जुलाबांच्या संख्येवरून ठरत नाही. शेवटी बाहेर पडणाऱ्या द्रवाचा रंग पाहावा. तो पिवळसर, पारदर्शक आणि कणविरहित असावा. तो तपकिरी, गढूळ असेल किंवा त्यात घट्ट कण असतील, तर घरूनच फोन करून तसे सांगावे. काही वेळा आणखी औषध देऊन किंवा वेळ थोडी पुढे ढकलून त्याच दिवशी तपासणी करता येते. ‘बहुधा झाले असेल’ असे म्हणून गप्प बसण्यात कोणाचेच हित नाही. डॉक्टर तपासणीच्या वेळी आतड्याच्या तीन भागांना स्वच्छतेचे 0 ते 3 असे गुण देतात. या बोस्टन पद्धतीनुसार प्रत्येक भागाला निदान 2 गुण मिळाले तर तयारी पुरेशी समजतात. हे गुण अहवालात लिहिलेले आहेत का ते पाहावे, कारण पुढची तपासणी किती वर्षांनी करायची हे ठरवताना त्यांचाही विचार होतो.

निघताना औषधांची यादी, जुने अहवाल आणि आपण शेवटचे काय व किती वाजता प्यायलो याची नोंद बरोबर घ्यावी, आणि एका जबाबदार प्रौढ व्यक्तीला सोबत न्यावे. गुंगीचे औषध दिल्यानंतर चोवीस तास वाहन चालवू नये आणि महत्त्वाच्या कागदपत्रांवर सही करू नये. तपासणीनंतर डॉक्टर जे सांगतात ते गुंगीत विसरले जाते, म्हणून रक्त पातळ करणारी आणि मधुमेहाची औषधे नेमकी कधी, किती मात्रेत पुन्हा सुरू करायची, आणि पॉलिप काढला असल्यास रक्त गेल्यावर कोणाला कळवायचे, हे सोबत्याच्या समोर विचारून कागदावर लिहून घ्यावे.