हिवरे बाजार बघून आल्यावर काय करायचं

२०१३ च्या मे महिन्यात आम्ही दोन जीप करून हिवरे बाजारला गेलो, पाणी राखून दुष्काळातून वर आलेलं नगरकडचं गाव बघायला. मला सरपंच होऊन सहाच महिने झाले होते. आमचं गाव माण तालुक्यात, सातारा जिल्ह्याच्या कोरड्या अंगाला. त्या उन्हाळ्यात निम्म्या गावाची जनावरं चारा छावणीत होती आणि टँकर यायच्या दिवशी हंड्यांची रांग मारुतीच्या पारापासून शाळेपर्यंत लागायची. हिवरे बाजारच्या विहिरींत डोकावून आमची माणसं गप्प झाली. परतताना मात्र जीपमध्ये जो तो बोलत होता, आणि दीड महिन्यात आम्ही बोअरवेल बंदीचा ठराव करून टाकला. दिवाळीपर्यंत शिवारात आठ नवी बोअर झाली. सगळी रात्रीची, बाहेरगावच्या गाड्या आणून.

त्यानंतरची चार वर्षं मी तेच काम पुन्हा पहिल्यापासून शिकले. नव्यानं निवडून आलेल्या सरपंचांसाठी ते इथं लिहिते आहे. त्यातही ज्या बायांच्या खुर्चीत ग्रामसभेला नवरा बसतो, त्यांच्यासाठी विशेष.

आधी पोपटराव पवारांच्या कामाचा क्रम समजून घ्या

दौऱ्यावर गेलेल्यांना बंधारे दाखवतात, झाडं दाखवतात, विहिरी दाखवतात. कोणतं काम कधी झालं हे विचारल्याशिवाय कळत नाही. परतल्यावर उपयोगी पडते ती तीच गोष्ट, म्हणून ती विचारून घ्या.

पोपटराव पवार एम.कॉम. झालेले, क्रिकेट खेळणारे तरुण होते. १९८९ मध्ये हिवरे बाजारनं त्यांना बिनविरोध सरपंच केलं. १९७२ च्या दुष्काळानंतर गाव मोडत गेलं होतं. डोंगर बोडका झालेला, जळणासाठी झाडं तोडलेली, घरोघर दारू, आणि कामाला येणारी माणसं पुण्या-मुंबईकडे निघून गेलेली. सरकारी नोकरांना तिथली बदली शिक्षेसारखी वाटायची. अशा गावात त्यांनी सुरुवातीला हातात घेतली ती शाळा. मग दारूचा प्रश्न. रोजगार हमीची आणि पाणलोटाची कामं पुढं आली, आणि राज्याच्या आदर्श गाव योजनेत गाव गेलं ते नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवणं हे तर २००० नंतरचं. म्हणजे निवडून येणं आणि लोकांच्या पिकाला हात घालणं यांत दहा-पंधरा वर्षांचं अंतर आहे. आम्ही ते दीड महिन्यात करायला गेलो होतो.

तेव्हा पहिल्या वर्षी असं एक काम घ्या ज्यात कुणाचंच काही जात नाही आणि जे सगळ्यांच्या डोळ्यांना दिसतं. आमच्याकडे ते स्मशानभूमीच्या वाटेचं निघालं. पावसाळ्यात तिरडी ओढ्याच्या पाण्यातून न्यावी लागायची. त्या वाटेवर दोन्ही गटांची माणसं घमेली घेऊन आली, कारण मयत दोन्ही गटांत होते. ओढ्याला मोरी पडली. ते झाल्यावर माझं बोलणं लोक थांबून ऐकायला लागले.

ग्रामसभा भरवायची कशी

कायद्यानं वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. बहुतेक गावांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे दिवस ठरलेले असतात. गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० माणसं, यांतला जो आकडा कमी असेल तो. गणपूर्ती झाली नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट उरत नाही. गावोगाव याचाच आधार घेतात. आज तहकूब, मग पंधरा-वीस माणसांत ठराव मंजूर. पाण्याचा एकही ठराव असा करू नका. ज्याला बंधन पाळायचं आहे तो सभेत नव्हता, तर तो बोअरची गाडी बोलावणारच.

महिला ग्रामसभा आधी घ्यायची असते. ती कागदावर उरकू नका. आमच्याकडे पहिल्या महिला सभेला अकरा जणी आल्या आणि पदर तोंडाला लावून बसल्या. तिसऱ्या सभेत माझ्या चुलत सासूबाई उठल्या. म्हणाल्या, "सरपंचीणबाई, तुमी बंधारा-बंधारा करताय. हंडा कुनाच्या डोक्यावर हाय ते आदी लिवा." ग्रामसेवकांना मी ते तसंच्या तसं इतिवृत्तात लिहायला लावलं. पुढच्या सभेत गटाचे पुढारी उसाच्या बाजूनं बोलू लागले की मी ते पान उघडून वाचायची.

ठरावाला सूचक एका गटाचा आणि अनुमोदक दुसऱ्या गटाचा घ्या. त्यासाठी आठवडाभर घरोघर चहा प्यावा लागतो. तो प्या. पोपटरावांना पर्यावरणाचा माणूस म्हणून सन्मान मिळाला, २०२० ची पद्मश्री मिळाली. पण त्यांचं काम मुळात राजकारणाचं आहे असं मला वाटतं: माणूस बोलता ठेवणं, रुसलेल्याला परत आणणं, आपल्या बाजूच्याला आधी नाही म्हणणं.

माथा ते पायथा, आणि मध्ये कंत्राटदार

पाणलोटाचं काम डोंगराच्या माथ्यावरून सुरू करून पायथ्याशी आणायचं. वर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे एका पातळीत खणलेले चर, मग घळीतले दगडी बांध, मग मातीचे नालाबांध, सगळ्यांत शेवटी गावाजवळचा सिमेंटचा बंधारा. वर चर नसतील तर पहिल्याच पावसात माती वाहून येते आणि बंधारा गाळानं भरतो. हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरीही बंधारा आधी होतो, कारण त्याचं बिल मोठं असतं आणि त्याच्यावर नावाची पाटी लावता येते. चरावर पाटी लागत नाही.

डोंगर बहुधा वनखात्याचा असतो. त्यांची परवानगी आणि संयुक्त वन व्यवस्थापन समिती याशिवाय तिथं कुदळ मारू नका. आमच्या तालुक्यात चराच्या कामाला मी स्वतः रोज सकाळी जायची. सरपंच बाई खणते म्हटल्यावर पुरुषांना पारावर बसून राहणं अवघड गेलं.

चराईबंदीला मेंढपाळांकडून सुरुवात करा

आदर्श गाव योजनेची सूत्रं तोंडपाठ करण्यासारखी आहेत: नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी, लोटाबंदी (म्हणजे उघड्यावर शौचाला न जाणं), बोअरवेल बंदी आणि श्रमदान. यांतली चराईबंदी बोलायला सोपी वाटते. बोलणाऱ्याकडे बहुतेक वेळा मेंढरं नसतात, म्हणून.

आमच्याकडचे धनगर दिवाळीच्या सुमारास मेंढरं घेऊन कोकणच्या वाटेला लागतात आणि पावसाळ्याच्या तोंडाला माघारी येतात. गवत उगवतं ते नेमकं त्याच दिवसांत. म्हणजे डोंगर बंद करायचा तर तो त्यांच्या घरी असण्याच्या काळात. हे मला पहिल्या वर्षी सुचलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी आम्ही वाड्यावर जाऊन तीन रात्री बसलो आणि डोंगराचे भाग पाडले. एक भाग बंद, बाकीचे उघडे, आणि बंद भाग आळीपाळीनं बदलायचा. कोणता भाग आधी बंद करायचा हे त्यांनी सांगितलं, कारण कुठं गवताचं बी अजून जमिनीत आहे हे त्यांनाच माहीत होतं. हिवरे बाजारात चरायला बंदी आहे, पण गवत विळ्यानं कापून न्यायला मुभा आहे. तेवढा भाग आम्ही जसाच्या तसा घेतला. गाई-म्हशीवाल्यांना त्यातून पेंढ्या मिळायला लागल्यावर बंदीची राखण तेच करू लागले.

नसबंदीचं सूत्र मात्र मी माझ्या गावात मांडलं नाही. ते ऑपरेशन गावात बायकांच्याच वाट्याला येतं. त्याचा ठराव पुरुषांनी हात वर करून करावा हे मला पटलं नाही, आजही पटत नाही. कुठल्याही गावाचं सगळंच उचलायला हवं असं नाही.

पाण्याचा ताळेबंद

आता मुख्य काम. याला खर्च जवळजवळ शून्य आहे. लागतात एक पर्जन्यमापक, एक वही आणि सातवीचं गणित.

एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की १०,००० लिटर पाणी पडलं. एवढा एकच आकडा पाठ करा. समजा गावाचं क्षेत्र ८०० हेक्टर आहे आणि वर्षाचा पाऊस ४०० मिलिमीटर. ८०० गुणिले ४०० गुणिले १०,००० म्हणजे ३२० कोटी लिटर. हा आकडा फळ्यावर लिहिला की सभेत कुजबुज होते, एवढं पाणी असून टँकर कसा? तिथं थांबा आणि पुढचं मांडा. यातलं बरंचसं पाणी उन्हानं आणि पिकांतून हवेत जातं, काही ओढ्यानं वाहून जातं. आपल्या काळ्या पाषाणात मुरतं ते धरून चाला दहावा हिस्सा. म्हणजे ३२ कोटी लिटर. आपली विहीर ती एवढीच.

आता खर्चाची बाजू. माणशी दिवसाला ५५ लिटर धरलं तर एका माणसाला वर्षाला साधारण २०,००० लिटर लागतात. १,२०० वस्तीच्या गावाला २.४ कोटी. दुभत्या संकरित गाईला दिवसाला सत्तर-ऐंशी लिटर धरा, तीनशे गाईंचे वर्षाला ८० लाखांच्या आसपास होतात. मग येतो ऊस. पाटानं पाणी देऊन एक हेक्टर ऊस घ्यायचा तर वर्षाला २ कोटी लिटर लागतं असं ढोबळ धरा. म्हणजे एक हेक्टर ऊस हजार माणसांचं वर्षाचं पिण्याचं पाणी पितो. आणि सोळा हेक्टर, म्हणजे चाळीस एकर ऊस लावला की गावाच्या जमिनीत मुरलेलं सगळं पाणी संपतं. माणसं आणि गाई अजून बाकीच.

मी हे पहिल्यांदा फळ्यावर मांडलं तेव्हा गावात बावीस एकर ऊस होता. कुणाचा किती हे मी लिहिलं नाही, आणि तुम्हीही लिहू नका. सगळ्यांना ठाऊक असतंच. ज्याच्या नावावर सर्वांत जास्त होता ते आमच्या नात्यातले भाऊजी, मागच्या ओळीत बसले होते. त्यांनी खडू मागितला आणि माझी बेरीज पुन्हा करून पाहिली. बेरीज बरोबर होती. त्या वर्षी ऊस मोडला नाही, पण नवी लागण झाली नाही. दोन वर्षांत तो आठ एकरांवर आला, तोही ठिबकवर. बोअरवेलचा ठराव आम्ही त्यानंतर पुन्हा मांडला आणि या वेळी तो टिकला.

हिवरे बाजारात ऊस आणि केळी यांवर गावाचीच बंदी आहे, आणि पाऊस किती झाला ते पाहून सभा पिकं ठरवते. तिथवर जायला फळ्यावरचा हिशेब दर वर्षी, न चुकता, पावसाळा संपल्या संपल्या मांडावा लागतो. रब्बीची पेरणी झाल्यावर मांडलेला हिशेब वाया जातो. तारीख ठरवा ती दसऱ्याच्या आधीची. विहिरींची पातळीही मोजा. दोरीला दगड बांधून टेप लावली तरी चालतं, मात्र पाच-सहा विहिरी ठरवून त्याच मोजा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींचं मोजमाप जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरला होतं. आपणही तेच महिने धरले की आकडे ताडून पाहता येतात.

निवडणुकीचं काय

मला सगळ्यात जास्त विचारतात ते हे. ऊसवाल्याला दुखावलं तर पुढच्या वेळी निवडून कोण देणार? मी पुन्हा उभी राहिले नाही, माझ्या जागेचं आरक्षण बदललं. पण हिवरे बाजारकडे बघा. तीस वर्षं तिथं निवडणूक बिनविरोध झाली, आणि २०२१ च्या जानेवारीत विरोधी उमेदवार उभे राहिले. एवढं काम करूनही. मतदान झालं आणि पोपटरावांच्या पॅनेलनं सातही जागा जिंकल्या. ती बातमी वाचून मला बरं वाटलं होतं. बिनविरोध गाव म्हणजे सुखी गाव, असं धरून चालू नये. विरोधातल्या माणसाला फॉर्म भरता आला पाहिजे आणि त्याला फळ्यावरचा हिशेब खोडता आला तर खोडताही आला पाहिजे.

म्हणून वही स्वतःच्या घरी ठेवू नका. आमची वही शाळेत असते. पावसाचा आकडा सकाळी साडेआठला सातवीची मुलं लिहितात, खाली सही करतात. माझ्यानंतर दोन सरपंच झाले, दुसरे तर समोरच्या गटाचे, पण वहीत एक दिवसही खाडा नाही.

पर्जन्यमापक मेच्या अखेरीला बसवून घ्या, वळवाचा पाऊसही मोजला गेला पाहिजे. झाडाखाली नको, पत्र्याच्या पागोळ्या पडतात तिथं नको, आणि शेळीचं तोंड पोचेल एवढा खालीही नको. आमच्या पहिल्याला शेळीनं पाडलं होतं. भोवती चार बाभळीच्या फांद्या रोवल्या की काम होतं.