लघवीची जळजळ: घरी किती थांबावे आणि डॉक्टरांकडे केव्हा जावे

चैत्र-वैशाखात लघवीला जळजळ होऊ लागली की ‘उन्हाळी लागली’ असे म्हणून घरोघरी धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा किंवा ताक दिले जाते. शरीरातील पाणी कमी होऊन लघवी गडद पिवळी झाली असेल, तर एवढा उपाय पुरतो. पुरेसे पाणी पोटात गेल्यावर रंग फिकट होतो आणि जळजळही फार तर दिवसभरात निवळते. रंग फिकट होऊनही जळजळ कायम राहिली, लघवीची घाई आवरेनाशी झाली, दर वेळी थोडीशीच होऊन पुन्हा जावेसे वाटू लागले किंवा ओटीपोटात दुखू लागले, तर तो बहुधा मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग असतो.

हा संसर्ग बहुतेक वेळा आतड्यात एरवी निरुपद्रवीपणे राहणाऱ्या ‘ई. कोलाय’ या जिवाणूमुळे होतो. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटीमीटर लांबीचा असल्यामुळे हा जिवाणू मूत्राशयापर्यंत सहज पोहोचतो आणि शरीरसंबंधाच्या वेळी त्याला आत जाणे आणखी सोपे होते. संसर्ग झाला म्हणजे ती स्त्री अस्वच्छ राहते असे मुळीच नाही. हे मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण याच संकोचापायी अनेक जणी ताप चढेपर्यंत घरात कोणाजवळ बोलत नाहीत.

एरवी निरोगी असलेल्या आणि गरोदर नसलेल्या स्त्रीने नुसती सौम्य जळजळ असताना पाणी पिऊन एक दिवस वाट पाहण्यास हरकत नाही. दुसऱ्या दिवशीही त्रास तसाच असल्यास डॉक्टरांना दाखवावे. मात्र हुडहुडी भरून ताप येणे, बरगड्यांखाली पाठीत किंवा कुशीत दुखणे, उलट्या होणे ही संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी त्याच दिवशी, रात्र असली तरी रात्रीच, रुग्णालय गाठावे. लघवी पूर्ण अडली किंवा रुग्ण ग्लानीत जाऊ लागली, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. लघवीतून रक्त जाताना काहीही दुखत नसले आणि ते एकदाच दिसले असले, तरीही तपासणी करून घ्यावी. वयाची चाळिशी उलटलेल्या स्त्रीने तर ती मुळीच टाळू नये.

गरोदरपणात एक दिवसही थांबू नये. या काळात काहीही त्रास नसताना लघवीत जंतू आढळले तरी उपचार केले जातात, कारण ते तसेच राहिल्यास मूत्रपिंडाचा संसर्ग होण्याचा आणि अपुऱ्या दिवसांची प्रसूती होण्याचा धोका वाढतो. मधुमेह किंवा मूतखडा असलेल्या स्त्रियांनीही घरगुती उपायांत वेळ घालवू नये.

डॉक्टरांनी लघवीचे कल्चर (प्रयोगशाळेत लघवीतील जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) करण्यास सांगितल्यास नमुना प्रतिजैविकाची (अँटिबायोटिकची) पहिली गोळी घेण्यापूर्वीच द्यावा, अन्यथा जंतू असूनही अहवालात ते न दिसण्याची शक्यता असते. बाह्य भाग साध्या पाण्याने धुऊन, लघवीची सुरुवातीची धार सोडून द्यावी आणि मधली धार प्रयोगशाळेने दिलेल्या निर्जंतुक डबीत धरावी. घरून नमुना न्यायचा असल्यास तो दोन तासांच्या आत पोहोचवावा; ते शक्य नसल्यास डबी फ्रीजमध्ये ठेवावी. कल्चरचा अहवाल येण्यास साधारण दोन-तीन दिवस लागतात. नेमके कोणते औषध लागू पडेल, हे त्यावरून कळते.

औषधांच्या दुकानातून परस्पर प्रतिजैविक आणणे किंवा मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या घेणे ही सवय मला सर्वांत घातक वाटते. आपल्याकडील ई. कोलायवर अनेक नेहमीची प्रतिजैविके आता चालत नाहीत, त्यामुळे अंदाजाने घेतलेल्या गोळीने त्रास दबतो आणि काही दिवसांनी उलटतो. जळजळ कमी करणारे क्षारयुक्त सिरप जंतू मारत नाही. शिवाय ते लघवीतील आम्लता कमी करते, आणि या संसर्गावर दिले जाणारे नायट्रोफ्युरँटॉइन हे प्रतिजैविक आम्लयुक्त लघवीत अधिक चांगले काम करते, म्हणून असे सिरप सुरू असल्यास डॉक्टरांना तसे सांगावे. नायट्रोफ्युरँटॉइनच्या गोळीने लघवी तपकिरी झाली तर घाबरू नये.

खाज सुटत असेल, अंगावरून पांढरे जात असेल आणि जळजळ बाहेरच्या त्वचेवर जाणवत असेल, तर दुखणे बहुधा योनिमार्गाचे असते आणि त्याचे उपचार वेगळे असतात. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या मधुमेहावरील गोळ्यांनी लघवीतून साखर जाते आणि तेथे बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक (हार्मोन) कमी झाल्याने आलेल्या कोरडेपणामुळेही वारंवार त्रास होतो; त्यावर योनिमार्गात लावायचे इस्ट्रोजेनचे मलम मिळते, त्याविषयी स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारावे.

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षभरात तीनदा संसर्ग झाला, तर दर वेळी तात्पुरते औषध न घेता कारणाचा शोध घ्यायला हवा. दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पाणी पिणाऱ्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांवरील एका अभ्यासात आणखी दीड लिटर पाणी पिऊ लागल्यावर संसर्गाचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. पण शेतावर, उसाच्या फडात किंवा बाजारात दिवसभर राबणाऱ्या स्त्रीला स्वच्छतागृहच नसेल, तर ती पाणी पिणे टाळणारच. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ (लघवी करण्याचा हक्क) मोहिमेतून महिलांनी स्वच्छतागृहांची हीच मागणी लावून धरली. कामाच्या ठिकाणी अशी सोय नसल्यास ती मागणे हाही या आजाराच्या प्रतिबंधाचाच भाग आहे.