कॉलमचं नाव बदलताना डेटा जाऊ देऊ नका

रावेर-सावद्याच्या केळी व्यापाऱ्यासाठी एसक्यूएल सर्व्हरवर हिशेब ठेवलाय, ‘वजन’ कॉलमचं ‘निव्वळ वजन’ करायचंय, आणि व्हिज्युअल स्टुडिओचा डेटाबेस प्रोजेक्ट पब्लिश करताना (बदल खऱ्या डेटाबेसवर चढवताना) ‘डेटा जाईल’ म्हणून अडतो. सेटिंगमधली ती अडवणूक बंद करू नका! नाव प्रोजेक्टमधल्या टेबलच्या फाइलमध्ये हातानं बदललं की टूल जुना कॉलम काढून नवा रिकामा बनवतं. अख्ख्या हंगामाची वजनं जातात.

१. हातानं केलेला बदल मागे घ्या.
२. कॉलमवर राइट-क्लिक, रिफॅक्टर, रीनेम.
३. थेट पब्लिश नको, आधी जनरेट स्क्रिप्ट. त्यात ‘एसपी_रीनेम’ (नाव बदलण्याची आज्ञा) हवं. ‘ड्रॉप कॉलम’ (कॉलम काढून टाकण्याची आज्ञा) दिसलं तर तिथेच थांबा.

रीनेमची नोंद ठेवणारी रिफॅक्टरलॉग फाइल बाकीच्या कोडसोबत गिटमध्ये टाकाच. ती नसेल तर जळगावात तुमच्या लॅपटॉपवर नीट चाललेला बदल दुसऱ्या मशीनवरून पब्लिश करताना पुन्हा अडकेल.