उद्योगप्रमुखांच्या एकत्रित उपक्रमांत नेहमी होणाऱ्या चुका: सही करण्याआधी हे वाचा

शाश्वत विकास आणि स्त्री-पुरुष समानता या विषयांवर मुंबईतल्या उद्योगप्रमुखांना एका टेबलाशी आणणे आता अवघड राहिलेले नाही. वांद्रे-कुर्ला संकुलात किंवा नरिमन पॉइंटच्या एखाद्या हॉटेलात सभा भरते, संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या होतात, छायाचित्रे निघतात आणि वर्षभराने पुढे काय झाले असे विचारले की सगळे एकमेकांकडे बघतात. असे रखडलेले उपक्रम तपासून ते कुठे अडले हे शोधण्याचे काम माझ्याकडे येते, आणि खेदाची गोष्ट अशी की अडण्याच्या जागा दरवर्षी त्याच असतात. नव्याने या कामात येणारी मंडळी हुशार असतात, त्यांचे सादरीकरणही देखणे असते. मात्र पहिल्या तिमाहीतच यशोगाथा छापून यावी अशी त्यांना घाई असते आणि बहुतेक चुकांचे मूळ त्या घाईत सापडते.

अध्यक्षांना बोलावणे आणि खरेदी विभागाला विसरणे

ही माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक आहे, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहिते. संयुक्त राष्ट्रांनी 2010 मध्ये उद्योगांसाठी महिला सक्षमीकरणाची जी सात तत्त्वे मांडली, त्यांतले पहिले तत्त्व वरिष्ठ नेतृत्वाच्या बांधिलकीचे आहे आणि पाचवे पुरवठा साखळी व उद्योजकतेचे. आपल्याकडे पहिल्या तत्त्वावर समारंभ होतो आणि पाचव्यापर्यंत कोणी पोहोचत नाही, कारण पाचव्यासाठी निविदेच्या अटी बदलाव्या लागतात आणि त्या अटी अध्यक्षांच्या दालनात लिहिल्या जात नाहीत.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या काही कंपन्यांनी मिळून एक उपक्रम हाती घेतला होता. कारखान्यांच्या छतांवर सौर पॅनेल बसवायचे आणि त्या कामासाठी दिघा, ऐरोली, घणसोली भागातल्या महिलांना प्रशिक्षण द्यायचे, अशी कल्पना होती. कल्पना उत्तमच होती, कारण स्वच्छ ऊर्जा आणि महिलांचा रोजगार ही दोन्ही उद्दिष्टे तिच्यात एकाच वेळी साधणार होती. प्रशिक्षक चांगला मिळाला, महिला जोडणीच्या कामात लवकर तरबेज झाल्या, प्रमाणपत्रांचे वाटप थाटात झाले आणि त्यानंतर त्यांतल्या बहुतेक जणी घरी बसल्या. मला बोलावले गेले ते यानंतर.

बैठकांची इतिवृत्ते वाचल्यावर कारण समजायला वेळ लागला नाही. महिलांना काम दुसरी कंपनी देईल, असे प्रत्येक कंपनीने गृहीत धरले होते. प्रत्यक्षात पॅनेल बसवणारे कामगार कोणत्याच कंपनीच्या पटावर नव्हते. ते काम कंत्राटदारांकडे होते, कंत्राटदारांच्या ठरलेल्या टोळ्या होत्या आणि मजुरी पॅनेलच्या संख्येवर मिळत होती. सह्यांच्या समारंभाला, सुकाणू समितीला, एवढेच काय पण एकाही बैठकीला कंत्राटदार बोलावलेला नव्हता. खरेदी विभागातल्या एका अधिकाऱ्याने मला सरळ सांगितले, “मॅडम, आमच्या निविदेत महिला हा शब्दच नाही. मी त्याला कशाच्या आधारावर सांगणार?” त्या माणसाचे काहीही चुकले नव्हते.

ज्या थोड्या जणींना काम मिळाले, त्यांची कथा याहून वाईट आहे. उंचीवर काम करताना लावायचे सुरक्षा पट्टे एकाच मापाचे आणि तेही पुरुषांच्या अंगाला बसणारे होते. छतावर स्वच्छतागृह असण्याचा प्रश्नच नव्हता. खालचे स्वच्छतागृह पलीकडच्या इमारतीत होते आणि त्याची किल्ली पहारेकऱ्याकडे असे. म्हणून त्यांनी एप्रिलच्या उन्हात, तापलेल्या पत्र्यावर काम करताना पाणी पिणेच सोडले. थोड्याच दिवसांत एकेक जण येईनाशी झाली आणि कंपन्यांच्या संयुक्त अहवालात वाक्य आले ते असे, की महिलांची या क्षेत्रात टिकून राहण्याची मानसिकता अद्याप तयार झालेली नाही. अहवाल लिहिणारा छतावर चढला नव्हता, हे वेगळे सांगायला नको.

पुढे त्यांतल्या दोन कंपन्यांनी निविदेच्या अटी बदलल्या. प्रशिक्षित महिलांचा ठरावीक वाटा, लहान मापाचे सुरक्षा पट्टे, कामाच्या जागेजवळ स्वच्छतागृह आणि पहिले काही महिने पॅनेलऐवजी दिवसाच्या हिशेबाने मजुरी, अशा त्या अटी होत्या. कंत्राटदारांनी कुरकुर केली, पण काम हवे असल्याने मान्य केले. काही जणी परत आल्या. काहींनी तोवर कार्यालयांच्या साफसफाईचे काम धरले होते आणि ते सोडून पुन्हा या भानगडीत पडायला त्या तयार झाल्या नाहीत. त्यांना दोष देता येणार नाही.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. कोणताही संयुक्त उपक्रम सुरू करण्याआधी मी अध्यक्षांची वेळ मागत नाही. प्रत्येक कंपनीच्या खरेदीप्रमुखासोबत बसून त्यांनी शेवटची काढलेली निविदा वाचून घेते. त्यानंतर पाळी बदलण्याच्या वेळी, तिथे काम करणाऱ्या एखाद्या महिलेसोबत जागा फिरून पाहते. स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का, पाणी आहे का, सॅनिटरी पॅडसाठी झाकणाचा डबा आहे का आणि किल्ली कोणाकडे असते, एवढे पाहिले की त्या कंपनीच्या समानता धोरणाची छापील प्रत मागवण्याची गरज सहसा उरत नाही. हे सांगितल्यावर नवे लोक विचारतात, की याचा तयार नमुना मिळेल का, म्हणजे फिरावे लागणार नाही. नाही मिळणार.

पर्यावरणाची एक समिती, महिलांची दुसरी

शाश्वत विकासाची 17 उद्दिष्टे 2015 मध्ये स्वीकारली गेली तेव्हा ती एकमेकांत गुंतलेली आहेत असे स्पष्ट म्हटले होते. आपल्या कंपन्यांनी मात्र स्त्री-पुरुष समानतेचे पाचवे उद्दिष्ट मनुष्यबळ विभागाला दिले, हवामान आणि कचरा अभियांत्रिकी विभागाला दिला, आणि या दोन विभागांची गाठ पडते ती फक्त वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर.

याचा सर्वांत ठळक परिणाम मुंबईत कचऱ्याच्या कामात दिसतो. या शहरात सुका कचरा वेचून वेगळा करण्याचे काम मोठ्या प्रमाणावर महिला करतात. त्यांना संघटित करून, प्रशिक्षण देऊन ओल्या कचऱ्याच्या खतापासून बायोगॅस प्रकल्पांपर्यंतची कामे मिळवून देण्याचा प्रयत्न स्त्री मुक्ती संघटना ‘परिसर विकास’ या उपक्रमातून अनेक वर्षे करत आली आहे, आणि घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांनीही कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याची अपेक्षा लिहून ठेवली होती. तरीही एका व्यापारी संकुलातल्या कंपन्यांनी एकत्र येऊन ‘शून्य कचरा’ संकल्प केला तेव्हा पहिला निर्णय कोणता घेतला असेल, तर यंत्रे आणि गाड्या असलेल्या एका मोठ्या पुरवठादाराला सगळे काम देण्याचा. पुनर्वापराची टक्केवारी अहवालात वाढली आणि तळघरात कचरा वेगळा करणाऱ्या महिलांचा प्रवेश पास रद्द झाला. त्याच कंपन्यांच्या महिला समितीने त्याच तिमाहीत वंचित महिलांच्या उपजीविकेवर परिसंवाद घेतला होता. दोन्ही समित्यांच्या प्रमुखांना हा प्रकार मी सांगेपर्यंत माहीत नव्हता आणि ते खोटे बोलत होते असे मला वाटत नाही.

यावर माझा उपाय अगदी साधा आहे. पर्यावरणाच्या प्रत्येक प्रस्तावाच्या टिपणीत एक परिच्छेद सक्तीचा ठेवावा: हे काम आज कोण करते आणि प्रस्ताव मंजूर झाल्यावर ती व्यक्ती काय करेल. हा परिच्छेद रिकामा असेल तर टिपणी परत पाठवावी.

डोकी मोजणे, पगार न मोजणे

आमच्याकडे तीस टक्के महिला आहेत, असे सांगणाऱ्या कंपनीला मी एकच विचारते, की एकूण वेतनखर्चातला किती टक्के वाटा त्यांच्याकडे जातो. हा प्रश्न माझ्या डोक्यातून आलेला नाही. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 सूचिबद्ध (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपन्यांना 2022-23 पासून जो शाश्वतता अहवाल बंधनकारक केला आणि 2023 मध्ये त्यातले जे मुख्य निकष वेगळे काढले, त्यांत महिलांना दिलेल्या वेतनाचे हे प्रमाण आहे. दोन आकड्यांमधले अंतर पाहिले की महिला कोणत्या पायरीवर थांबल्या आहेत ते कळते. कंत्राटी कामगार या मोजणीत घेतले आहेत का, हेही त्याच बैठकीत विचारावे.

संचालक मंडळाबाबतही तेच. 2013 च्या कंपनी कायद्याने सूचिबद्ध कंपन्यांना किमान एक महिला संचालक नेमणे बंधनकारक केले. सेबीने पहिल्या 500 कंपन्यांसाठी 1 एप्रिल 2019 पासून आणि पहिल्या 1000 साठी 1 एप्रिल 2020 पासून ती महिला स्वतंत्र, म्हणजे कंपनीशी आर्थिक हितसंबंध नसलेली, संचालक असावी असे सांगितले. कायद्यातला ‘किमान’ हा शब्द अनेक मंडळांनी ‘कमाल’ असा वाचलेला दिसतो.

समान वेतनाचा अभ्यास करण्याच्या उत्साहात एकाच क्षेत्रातल्या स्पर्धक कंपन्या पगाराचे तपशील थेट एकमेकांना पाठवतात, हे मात्र ताबडतोब थांबवावे. 2002 च्या स्पर्धा कायद्याखाली ते अंगाशी येऊ शकते. आकडे त्रयस्थ संस्थेकडे द्यावेत, तिने ते एकत्र करून कंपन्यांची नावे काढून टाकावीत, आणि आधी वकिलाला विचारावे.

मार्च महिन्यातले फोन

सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी कायद्यानुसार सामाजिक कामावर खर्च करायचा, निधी उरला आहे, महिलांसाठी काही आहे का, असे फोन मार्चमध्ये सुरू होतात. तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम वर्षभरात कशी खर्च करायची हे एप्रिलमध्ये ठरवता येते. प्रकल्प बहुवर्षीय असेल तर न वापरलेली रक्कम वर्ष संपल्यापासून 30 दिवसांत स्वतंत्र खात्यात ठेवून पुढील तीन आर्थिक वर्षांत वापरण्याची सोय नियमांत आहे. तरीही शिलाई यंत्रे वाटण्याचा मोह सुटत नाही.

स्वतःच्या कर्मचाऱ्यांचे पाळणाघर किंवा लैंगिक छळ प्रतिबंधाचे प्रशिक्षण सीएसआरच्या खात्यावर टाकू नये. केवळ कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा खर्च नियमांनुसार सीएसआर ठरत नाही. कंपन्यांनी एकत्र प्रकल्प करण्यास मुभा आहे, पण प्रत्येकीला आपला खर्च स्वतंत्रपणे दाखवता आला पाहिजे. म्हणून हिशेबाची पद्धत पहिल्याच करारात लिहावी.

महिलांना लाभार्थी समजणे

या शहराला तरी ही चूक शोभत नाही. 1959 मध्ये गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जत उभी राहिली. गिरणी कामगारांच्या खाणावळी चालवणाऱ्या महिलांना प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाखाली एकत्र केले, तेव्हा त्यांची मागणी सावकाराऐवजी बँकेकडून कर्ज मिळावे अशी होती. उद्योगप्रमुखांनीही देणगीपेक्षा ऑर्डर द्यावी आणि तिचे पैसे वेळेवर द्यावेत. सूक्ष्म व लघु पुरवठादारांना जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे देण्याची तरतूद सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या 2006 च्या कायद्यात आहे. महिला दिनाला जिचा सत्कार केला, तिचेच बिल चार-चार महिने अडकवून ठेवणाऱ्या कंपन्या मी पाहिल्या आहेत. केंद्राच्या सार्वजनिक उपक्रमांना एकूण खरेदीतली 3 टक्के खरेदी महिलांच्या सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करण्याचे लक्ष्य आहे. खासगी कंपन्यांच्या गटाने स्वतःहून तेवढेच लक्ष्य घेतले तरी सुरुवात होईल.

थोडक्यात सांगण्यासारख्या

रात्रपाळीसाठी कंपन्यांनी मिळून बस सुरू केली, की त्या बसमधल्या तक्रारीची दखल कोणाची अंतर्गत समिती घेणार हे बस सुटण्याआधी लेखी ठरवावे, कारण कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार मालकाने दिलेले वाहनही कामाच्या जागेत मोडते. समन्वय बैठक संध्याकाळी साडेसहाला ठेवू नये; बदलापूर आणि विरारला जाणाऱ्या व्यवस्थापक महिला तिला येत नाहीत आणि मग सहभाग कमी असल्याची नोंद होते. सर्व वक्ते पुरुष असलेला समानतेचा परिसंवाद रद्द करावा.

राहिली शेवटची अडचण. उपक्रमाचा आग्रह धरणारे अध्यक्ष निवृत्त झाले किंवा दुसऱ्या समूहात गेले की काम थांबते, कारण ते कंपनीच्या नव्हे तर त्यांच्या नावावर चाललेले असते. म्हणून मी सहभागी कंपन्यांकडून दोन गोष्टी लेखी मागते: समन्वय कार्यालयाच्या खर्चाचा दोन वर्षांचा वाटा नेहमीच्या अंदाजपत्रकातून, आणि प्रत्येक कंपनीत मधल्या फळीतला एक अधिकारी, ज्याच्या वार्षिक मूल्यमापनात हे काम नोंदवलेले असेल. या दोन्ही गोष्टी हाती आल्याशिवाय मी पहिल्या बैठकीची तारीख ठरवत नाही आणि त्यामुळे काही गट नाराज होऊन दुसऱ्या सल्लागाराकडे जातात.