लठ्ठ पेशंटला भूल देऊन श्वासनलिकेत ट्यूब टाकताना या चुका टाळा

निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार, वजन १२८ किलो, हर्नियाच्या ऑपरेशनला नाशिकला आले. "घोरता का?" म्हटलं तर म्हणाले, छे हो, शांत झोपतो. बायको बाजूलाच उभी होती. ती म्हणाली, अहो डॉक्टर, वर्षभर हे खुर्चीत बसून झोपतात, मधेच श्वास अडकतो मग मी हलवून उठवते.

पहिली चूक हीच, फक्त पेशंटलाच विचारून मोकळं होणं. घरच्यांना विचारा, मानेचा घेर टेपने मोजा, ४० सेंमीच्या वर असेल तर सावध, आणि बाहेरचा ऑक्सिजन न लावता सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) बघा. काकांचं ऑपरेशन आम्ही पुढे ढकललं, आधी सीपॅप (झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) सुरू केलं. आणि सवयीने मिडाझोलम (गुंगीचं औषध) देऊन टाकणं, ते तर नकोच.

सगळ्यात जास्त गडबड पोझिशनमध्ये होते. डोक्याखाली एक उशी सरकवली की झालं, असं नाही. पाठ, खांदे आणि डोक्याखाली चादरींच्या घड्या उतरत्या रचा, मग टेबलाच्या बाजूला जाऊन उभं राहून बघा, कानाचं भोक आणि छातीच्या हाडावरची खाच एका आडव्या रेषेत यायला हवी. नाही आली तर अजून चादर घाला, घाई कसली? आडवं झोपवलं की पोट डायफ्रामला वर ढकलतं, फुफ्फुसात ऑक्सिजनचा साठाच कमी राहतो, म्हणून धडधाकट माणूस नीट प्रीऑक्सिजनेशननंतर (भुलेआधी मास्कने ऑक्सिजन भरून घेतल्यावर) श्वास बंद असताना आठ मिनिटं तग धरतो तिथे या पेशंटचं सॅच्युरेशन दोन-तीन मिनिटांत खाली येतं, मॉनिटरची बीप जाड व्हायला लागते आणि सगळ्यांचे हात थरथरतात. मास्क घट्ट धरा, बाहेर येणाऱ्या श्वासात ऑक्सिजन ९०% दिसेपर्यंत थांबा, नाकातली ऑक्सिजनची नळी ट्यूब टाकतानाही चालू ठेवा.

व्हिडिओ लॅरिंगोस्कोप (कॅमेऱ्याने घसा आतून दाखवणारं उपकरण) पहिल्याच प्रयत्नाला घ्या, फसल्यावर नको. सारखं सारखं तेच करून बघू नका, सूज येते मग मास्कनेही हवा जात नाही. सेकंड जनरेशनचा एलएमए (घशात बसवायचा, हवा देणारा मास्क) हाताशी असू दे, आणि गळ्यावर क्रिकोथायरॉइड मेंब्रेनची (सगळं फसलं तर जिथे छेद देऊन श्वासाची वाट करतात ती) जागा आधीच पेनने मार्क करा, जाड मानेत ऐनवेळी ती सापडत नाही.

आणि ट्यूब काढायची घाई. ऑपरेशन संपलं की सगळे सैल होतात, नेमकं तेव्हाच बिघडतं. टीओएफ (स्नायूंची ताकद किती परतली ते सांगणारं मोजमाप) ०.९ च्या वर, पेशंट पूर्ण जागा, बसता केलेला, मगच काढा. काकांना तसंच केलं, काकूंनी पिशवीतून आणलेलं सीपॅप रिकव्हरीतच लावलं आणि रात्रभर बोटाला सॅच्युरेशनचा प्रोब ठेवला.