मोहरीएवढा विश्वास वाढवताना

बायबलमधल्या मार्ककृत शुभवर्तमानापासून, म्हणजे मार्कने लिहिलेल्या येशूच्या चरित्रापासून, सुरुवात करा. अध्याय १६च आहेत. रोज एकच वाचा, तोही मोठ्याने. नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप येशूजवळ कबूल करतो की विश्वास आहे, पण अविश्वासही आहे. येशू त्याला परत पाठवत नाही, मुलाला बरं करतो. म्हणून शंका लपवू नका. प्रार्थनेत तीच आधी बोला. दहा मिनिटं पुरतात. वहीत तारीख आणि एका ओळीत मागणं लिहा, शेजारी उत्तरासाठी जागा कोरी ठेवा.

गाडी बहुधा इथे अडते: उत्साहात तासभर बसायचं ठरतं, चौथ्या दिवशी चुकतं, मग अपराधीपणाने वहीच बंद. तसं झालं तर जिथे थांबलात तिथूनच पुढे वाचा. रविवारची उपासना मात्र सोडू नका. मन कोरडं असेल त्या दिवशी शेजारच्याचं ‘आमेन’ आपल्याला धरून ठेवतं.