रॅपमधला ‘मी’ ओळखताना: डॉक्युमेंटरी पॉडकास्टच्या साथीने गोष्ट कशी ऐकावी

रॅप नव्याने ऐकू लागलेला श्रोता गाण्यातला ‘मी’ आणि गाणारा माणूस यांना बहुधा एकच समजतो, आणि तिथेच गोष्टीचा निम्मा रस हातातून निसटतो. डॉक्युमेंटरी पॉडकास्टमध्येही एक ‘मी’ बोलत असतो, तो म्हणजे निवेदक. मात्र त्याला तारखा, साक्षी आणि कागदपत्रे यांची बांधिलकी पाळावी लागते. हे दोन ‘मी’ शेजारी ठेवून ऐकण्याची सवय लागली की हिप-हॉपमधले, म्हणजे रॅप ज्याचा भाग आहे त्या संगीतातले, कथन उलगडू लागते. ही सवय कशी लावावी, ते येथे सांगतो.

सुरुवात पॉडकास्टने करू नये. आधी एकच कथात्म गाणे निवडावे आणि ते सलग दोनदा ऐकावे. पहिल्यांदा शब्द समोर न ठेवता, दुसऱ्यांदा ठेवून. रॅपच्या एका कडव्यात साधारणपणे सोळा बार (तालाची आवर्तने) असतात आणि एका बारमध्ये चार ठोके. मिनिटाला ९० ठोक्यांची लय धरली, तर एक कडवे सुमारे ४३ सेकंदांत संपते. म्हणजे तीन कडव्यांच्या गाण्यात पात्रे, प्रसंग आणि शेवट हे सारे जेमतेम दोन-सव्वादोन मिनिटांत बसवायचे असते. त्यामुळे काय सांगितले आहे याइतकेच काय गाळले आहे, याकडेही कान हवा. रॅपर स्लिक रिकचे १९८८ सालचे ‘चिल्ड्रन्स स्टोरी’ यासाठी उत्तम आहे: मुलांना झोपताना सांगायच्या गोष्टीच्या सुरात तो चोरीमारीच्या नादी लागलेल्या एका मुलाचा शेवट सांगतो. पात्र बदलले की त्याचा आवाजही बदलतो. सूर निरागस आणि मजकूर भीषण, या विसंगतीवरच ते गाणे उभे आहे.

त्यानंतर पॉडकास्ट मालिका निवडावी. हिप-हॉपच्या इतिहासाचे निवेदन बहुधा ११ ऑगस्ट १९७३ च्या रात्रीपासून सुरू होते: न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, १५२० सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीत डीजे कूल हर्कने आपल्या बहिणीच्या पार्टीत तबकड्या वाजवल्या. हा प्रसंग महत्त्वाचा आहेच. परंतु त्या काळी माइकवरच्या माणसाचे काम मुख्यतः नाचणाऱ्यांना चेतवण्याचे होते. वस्तीतले जगणे सविस्तर मांडणारे ‘द मेसेज’ हे गाजलेले गाणे त्यानंतर नऊ वर्षांनी, १९८२ साली आले. तेव्हा ज्याला कथनातच रस आहे, त्याने उगमाचे भाग नंतरसाठी ठेवले तरी चालतील.

माझ्या मते पहिली मालिका ‘मोगल’ असावी. ती २०१७ साली आली आणि तिचा विषय आहे ख्रिस लाइटी हा व्यवस्थापक. ब्रॉन्क्समध्ये डीजेच्या तबकड्यांचे खोके उचलण्यापासून त्याने सुरुवात केली, पुढे मोठमोठ्या रॅपरांचे व्यवहार सांभाळले आणि २०१२ साली त्याचा मृत्यू झाला. निवेदक रेजी ओसे हा स्वतः पूर्वी संगीतक्षेत्रातला वकील होता, म्हणजे तो ज्या जगाविषयी बोलतो त्याच जगात वावरलेला होता. त्यामुळे प्रत्येक भाग ऐकताना वहीत एकच प्रश्न लिहावा: हे बोलणाऱ्याला कसे ठाऊक? त्याने ते डोळ्यांनी पाहिले आहे, कोणाकडून ऐकले आहे, की तो आता मागे वळून अर्थ लावतो आहे? तिन्ही आवाजांचा पोत वेगळा असतो. साक्षीदार अडखळतो, थांबतो. म्हणूनच ऐकण्याचा वेग वाढवू नये, कारण वाढवलेल्या वेगात हे थांबे चटकन सरतात. (वेळ वाचवण्यासाठी ऐकायचे असेल, तर हा छंदच मुळात गैरसोयीचा आहे.)

दुसरी मालिका ‘लाउडर दॅन अ रायट’. सिडनी मॅडन आणि रॉडनी कारमायकल यांनी एनपीआर या अमेरिकी सार्वजनिक रेडिओसाठी केलेल्या तिच्या २०२० सालच्या पहिल्या पर्वाचा विषय आहे हिप-हॉप आणि अमेरिकेतील तुरुंगव्यवस्था. लुइझियानातला रॅपर मॅक फिप्स याची कहाणी त्यात येते आणि ती ऐकताना गाण्यातला ‘मी’ हा प्रश्न एकाएकी जीवघेणा होतो. २००० साली एका क्लबमध्ये गोळीबारात एका तरुणाचा जीव गेला आणि आरोप फिप्सवर आला. खटल्यात सरकारी वकिलाने फिप्सच्या दोन वेगवेगळ्या गाण्यांतल्या ओळी एकत्र जोडून ज्युरीसमोर ठेवल्या. त्यांतली एक ओळ मुळात त्याच्या वडिलांविषयी होती. २००१ साली त्याला सदोष मनुष्यवधाबद्दल ३० वर्षांची शिक्षा झाली आणि २०२१ साली तो पॅरोलवर सुटला. हा भाग ऐकून झाल्यावर कोणत्याही गाण्याची एखादी ओळ सुटी काढून पाहावी: आधीची आणि नंतरची ओळ वगळली, तर बोलणारा कोण हे कळते का? कॅलिफोर्नियाने २०२२ साली कायदा करून रॅपच्या ओळी पुरावा म्हणून वापरण्यावर मर्यादा घातल्या, त्यामागेही हाच प्रश्न होता.

पॉडकास्टमध्ये गाण्याचा बहुधा तुकडाच वाजतो आणि त्यावर निवेदकाचा आवाज चढलेला असतो. तेवढ्यावर गाणे ऐकल्याचे समाधान मानू नये. भाग संपल्यावर पूर्ण गाणे पुन्हा लावावे, शक्यतो दुसऱ्या दिवशी, म्हणजे निवेदकाचा अर्थ कानात घुमत राहत नाही.

या परतीच्या ऐकण्यासाठी मी एमिनेमचे २००० सालचे ‘स्टॅन’ सुचवीन, कारण त्याची रचनाच एखाद्या डॉक्युमेंटरीसारखी आहे. पहिल्या दोन कडव्यांत एक चाहता पत्रे लिहितो आणि शब्दांमागे कागदावर पेन्सिल घासल्याचा आवाज येतो. तिसऱ्या कडव्यात पेन्सिल थांबते. आता तो गाडी चालवत कॅसेटवर बोलतो आहे आणि बाहेर पाऊस आहे. चौथ्या कडव्यात बोलणारा बदलतो, पेन्सिल परत ऐकू येते. रॅपर उशिरा, शांतपणे उत्तर लिहितो आहे आणि बातम्यांत पाहिलेल्या एका अपघाताचा सहज उल्लेख करतो. त्या बातमीतला माणूस कोण होता हे लिहिता लिहिता त्याच्या ध्यानात येते, आणि एका उद्गारावर गाणे थांबते.